मनोरा आपला, यंत्र कुणाचे?



ज्यांनी साठीची वेस ओलांडली आहे, त्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. चोपड्याच्या किंवा दोंडाईच्याच्या व्यापाऱ्याला मुंबईचा कापसाचा भाव विचारावयाचा झाल्यास सकाळी कॉल नोंदवावा लागे आणि दुपारपर्यंत फोनपाशी ठाण मांडून बसावे लागे. घाई असेल तर 'अर्जंट', फारच घाई असेल तर 'लाइटनिंग', आणि तरीही लाइन मिळेलच असे नाही. आज त्याच व्यापाऱ्याचा नातू शेताच्या बांधावर उभा राहून भ्रमणध्वनीवर जगभरचे भाव पाहतो. चाळीस वर्षांत झालेली ही प्रगती नेत्रदीपक आहे, यात शंका नाही. परंतु बांधावरून दिसणाऱ्या त्या मनोऱ्यावर बसविलेले यंत्र कोणी बनविले, त्याच्या आत चालणारी आज्ञावली कोणाच्या ताब्यात आहे, आणि उद्या ज्याने ते बनविले त्याने ते दुरून बंद करावयाचे ठरविले तर काय, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. मनोऱ्याचे लोखंड आपले, जागा आपली, वीज आपली. यंत्र मात्र अनेक वर्षे परक्याचेच होते.

जळगाव जिल्ह्यास हा प्रश्न समजावून सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. भुसावळ आणि वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत. वरणगावात सैन्याच्या बंदुकांची काडतुसे तयार होतात. शत्रूच्या कारखान्यातून काडतुसे विकत घ्यावीत, स्वस्त पडतील, असे तेथील कामगारास कोणी सुचविले तर तो त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहील. दूरसंचाराच्या बाबतीत मात्र देशाने जवळजवळ दोन दशके असाच व्यवहार केला, आणि तो करताना 'स्वस्त पडते' हेच कारण सांगितले गेले.

हे सारे कसे घडले ते थोडे मागे जाऊन पाहावे लागेल. स्वातंत्र्यानंतर अवघ्या वर्षभरात, १९४८ मध्ये, बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली. स्वतंत्र भारताचा तो पहिला सार्वजनिक उद्योग. अगदी आरंभीच दूरध्वनीचा विचार झाला, हे त्या पिढीच्या दूरदृष्टीचे द्योतक म्हटले पाहिजे. पुढे १९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधन संस्था उभी राहिली. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे, धूळ चालत नसे, वीज गेलेली सोसत नसे. सी-डॉटच्या तरुण अभियंत्यांनी भारतातील खेड्यांचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून १२८ लाइनींचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. १९८६ मध्ये राणी चन्नम्मेच्या कित्तूरला ते बसविण्यात आले. त्यास वातानुकूलन लागत नव्हते. एप्रिल-मे महिन्यात भुसावळचा पारा कोठे जातो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. पुढे गावोगावी एसटीडीचे पिवळे फलक झळकले, त्यांमागे या स्वदेशी यंत्रांचा मोठा वाटा होता.

मग ही विद्या हातची गेली कशी?

१९९४ साली देशाचे पहिले राष्ट्रीय दूरसंचार धोरण आले. भारत हा दूरसंचार उपकरणांच्या निर्मितीचे आणि निर्यातीचे प्रमुख केंद्र व्हावा, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. उद्दिष्ट उत्तमच होते. परंतु १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत अशा बहुतेक वस्तूंवरील आयात शुल्क शून्यावर आणण्याचे बंधन त्याने स्वीकारले. एका हाताने कारखाने उभारण्याचा संकल्प सोडला, दुसऱ्या हाताने दार सताड उघडे ठेवले. नेमक्या याच काळात देशात भ्रमणध्वनीची लाट आली. कोट्यवधी ग्राहक, लक्षावधी मनोरे. एवढी प्रचंड मागणी जगाच्या पाठीवर क्वचितच निर्माण झाली असेल. त्या मागणीवर वाढले मात्र युरोपातील आणि चीनमधील कारखाने. सी-डॉटचे एक्स्चेंज तारेच्या दूरध्वनीचे होते. बिनतारी युगाची विद्या तेवढ्या वेगाने आपल्याकडे आली नाही आणि ती आणण्याची निकडही कोणास वाटली नाही. चीनने त्याच वर्षांत आपल्या कंपन्यांना स्वस्त कर्ज, घरची बाजारपेठ आणि राजाश्रय देऊन मोठे केले. यात चीनला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आपले हित पाहिले, इतकेच.

परकीय यंत्रांवर विसंबण्यात धोका काय, असे विचारणाऱ्यांना जगाच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. स्वित्झर्लंडमध्ये क्रिप्टो एजी नावाची एक कंपनी होती. गुप्त संदेश सांकेतिक लिपीत पाठविण्याची यंत्रे ती शंभराहून अधिक देशांना विकत असे. तटस्थ देशाची कंपनी म्हणून सर्वांचा तिच्यावर विश्वास. फेब्रुवारी २०२० मध्ये उघड झाले की, ही कंपनी अनेक वर्षे अमेरिकेच्या सीआयएच्या आणि तत्कालीन पश्चिम जर्मनीच्या गुप्तहेर संस्थेच्या मालकीची होती. यंत्रे अशा रीतीने बनविली जात की, त्यांवरचे संदेश या दोघांना वाचता यावेत. तिच्या गिऱ्हाइकांत भारताचेही नाव होते. पैसे मोजून आपलेच गुपित दुसऱ्याच्या हाती देण्याचा हा प्रकार! सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये हजारो पेजर एकाच दिवशी फुटले. घेणाऱ्यांनी ते विश्वासाने खरेदी केले होते, स्फोटके आत आधीच भरलेली होती. ज्यांच्यावर ते फुटले त्यांच्याविषयी कोणास ममत्व वाटो वा न वाटो, दुसऱ्याने बनविलेल्या यंत्राच्या पोटात काय आहे हे घेणाऱ्यास कळत नाही, हा धडा मात्र साऱ्या जगाने घ्यावयाचा आहे.

आता कायद्याकडे वळू. येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे, कारण वृत्तपत्रांतून या विषयाची फार सरमिसळ होते. 'दूरसंचार उपकरणे देशातच बनवा' असे फर्मावणारा एखादा स्वतंत्र कायदा भारतात नाही. जे आहे ते कायदा, शासकीय आदेश, सुरक्षाविषयक निर्देश आणि प्रोत्साहन योजना यांचे मिळून विणलेले एक जाळे आहे. त्याचा पहिला धागा २०१२ सालचा. शासकीय खरेदीत देशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंना प्राधान्य देण्याचे धोरण तेव्हा जाहीर झाले आणि सुरक्षेच्या कारणास्तव खासगी दूरसंचार कंपन्यांच्या खरेदीलाही ते लागू करण्याचा विचार होता. अमेरिकेतील उद्योगसंघटनांनी त्यावर काहूर माजविले. २०१३ मध्ये धोरण थांबविण्यात आले, आणि वर्षअखेर ते पुन्हा आले तेव्हा खासगी कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या होत्या. दिल्लीने त्या वेळी माघार घेतली, असेच म्हणावे लागेल.

दुसरा धागा १५ जून २०१७ च्या आदेशाचा. शासकीय खरेदीत स्वदेशी मालास प्राधान्य देणाऱ्या या आदेशात २०२० मध्ये सुधारणा झाली. ज्याच्या मालात निम्म्याहून अधिक मूल्य देशात निर्माण झाले आहे, तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार, वीस ते पन्नास टक्क्यांमधला दुसऱ्या वर्गाचा. दोनशे कोटींपर्यंतच्या खरेदीसाठी सर्वसाधारणपणे जागतिक निविदा काढावयाची नाही, असेही ठरले. गलवानच्या रक्तरंजित संघर्षानंतर, जुलै २०२० मध्ये, भूसीमा लागून असलेल्या देशांतील कंपन्यांना शासकीय निविदा भरण्यापूर्वी नोंदणी आणि सुरक्षा परवानगी बंधनकारक झाली. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने दूरसंचारासाठी विशेष निर्देश मंजूर केला. त्यानुसार १५ जून २०२१ पासून कोणत्याही दूरसंचार कंपनीस, मग ती सरकारी असो वा खासगी, आपल्या जाळ्यात नवे उपकरण जोडावयाचे तर ते 'विश्वासार्ह स्रोत' ठरलेल्या उत्पादकाचेच असले पाहिजे. आधी बसविलेली यंत्रे उखडून काढण्याची सक्ती मात्र त्यात नव्हती.

यानंतर आला २०२३ चा दूरसंचार अधिनियम. २४ डिसेंबर २०२३ रोजी त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि जून-जुलै २०२४ पासून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागली. १८८५ चा इंग्रजांचा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा या दोन्हींची जागा घेण्यासाठी तो आला. सत्तावन्नच्या समराच्या वेळी तारायंत्राने आपले राज्य वाचविले, ही जाणीव इंग्रजांना होती. साहजिकच त्यांच्या कायद्याचे सारे लक्ष तारेवर कोणाचा ताबा असावा याकडे होते. तार आणि यंत्र कोठे बनावे हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच, ते विलायतेतून येणार हे गृहीतच होते. नव्या अधिनियमाने 'विश्वासार्ह स्रोत' ही कल्पना साध्या निर्देशातून उचलून संसदेच्या कायद्यात आणली. कलम २१ अन्वये राष्ट्रीय सुरक्षेसाठी विशिष्ट देशांची वा व्यक्तींची उपकरणे थांबविण्याचा, काढून टाकण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. त्याच अधिनियमाने जुन्या सार्वत्रिक सेवा निधीचे 'डिजिटल भारत निधी' असे रूपांतर केले. पूर्वी हा पैसा मुख्यतः खेड्यापाड्यांत सेवा पोहोचविण्यासाठी होता. आता नव्या तंत्रज्ञानाचे आणि उपकरणांचे संशोधन, त्यांचे प्रायोगिक प्रकल्प यांवरही तो खर्च करता येतो. प्रत्येक ग्राहकाच्या बिलातून कंपन्यांकडे आणि कंपन्यांच्या उत्पन्नातून या निधीकडे पैसा जातो. जामनेरच्या शेतकऱ्याने भरलेल्या रिचार्जचा एक अंश त्यात आहे, हे विसरू नये.

प्रोत्साहनाची बाजू सांभाळते ती उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना. फेब्रुवारी २०२१ मध्ये दूरसंचारासाठी १२,१९५ कोटी रुपयांची ही योजना मंजूर झाली. २०१९-२० हे आधारवर्ष धरून त्यापुढे जेवढी विक्री वाढेल, तिच्या ४ ते ७ टक्के रक्कम शासन उत्पादकास देणार. लघुउद्योगासाठी गुंतवणुकीची किमान मर्यादा १० कोटी, इतरांसाठी १०० कोटी. २०२४ च्या मध्यापर्यंत या योजनेतील उत्पादनाने ५०,००० कोटींचा टप्पा ओलांडल्याचे आणि त्यातील सुमारे १०,५०० कोटींचा माल निर्यात झाल्याचे शासनाने जाहीर केले. आकडे उमेद वाढविणारे आहेत. तथापि त्यांकडे डोळसपणे पाहावयास हवे. या योजनेचा लाभ स्वदेशी कंपन्यांप्रमाणेच भारतात कारखाना थाटणाऱ्या विदेशी कंपन्यांनाही मिळतो. सुटे भाग बाहेरून आणून येथे स्क्रू पिळणे आणि यंत्राचा आराखडा येथेच रेखाटणे, या दोहोंत फार मोठे अंतर आहे. २०२२ मध्ये आराखडाही भारतातच करणाऱ्यास एक टक्का अधिक प्रोत्साहन देण्याचे ठरले. बुद्धीची किंमत एक टक्का! ती याहून बरीच अधिक असावयास हवी होती.

खरी कसोटी लागली ती बीएसएनएलची. ही कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण स्वदेशीची किंमत काय असते हे तिच्यात दिसते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची चौथ्या पिढीची सेवा सुरू झाली. इतर खासगी कंपन्या त्याआधीच त्या वाटेवर होत्या. बीएसएनएलने मार्च २०२० मध्ये निविदा काढली, ती गलवाननंतर रद्द झाली, आणि निर्णय झाला की यंत्रे स्वदेशीच हवीत. त्या घडीला तशी यंत्रे देशात तयार नव्हती! सी-डॉटने गाभ्याचे तंत्र विकसित करावयाचे, बंगळूरच्या तेजस नेटवर्क्सने मनोऱ्यावरील रेडिओ यंत्रे बनवावयाची आणि टाटा कन्सल्टन्सीने ते सारे एकत्र गुंफावयाचे, असे ठरले. चाचण्या झाल्या, दोष निघाले, पुन्हा चाचण्या झाल्या. २०२३ च्या मे महिन्यात सुमारे एक लाख ठिकाणांसाठीची मागणी नोंदविली गेली. या सबंध काळात बीएसएनएलचे ग्राहक तिच्याकडे पाठ फिरवीत होते. जळगावच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या सरकारी दूरध्वनी वापरलेल्या घरांनी आपले क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेले. त्यांना दोष कसा द्यावा? मुलाच्या अभ्यासासाठी आंतरजाल हवे, दुकानात पैसे घ्यावयाचे तर जाळे हवे. देशहितासाठी तीन वर्षे थांबा, असे गिऱ्हाइकास सांगता येत नाही.

अखेर २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांच्या हस्ते या स्वदेशी जाळ्याचे राष्ट्रार्पण झाले. ९७,५०० हून अधिक मनोरे, सुमारे ३७,००० कोटींचा खर्च. डेन्मार्क, स्वीडन, दक्षिण कोरिया आणि चीन यांच्यानंतर स्वतःच्या बळावर हे तंत्र उभे करणारा भारत पाचवा देश ठरला, असे त्या वेळी सांगण्यात आले. विलंब झाला, ग्राहक गेले, कंपनी तगविण्यासाठी शासनाला तीन वेळा हजारो कोटींचे साह्य द्यावे लागले, हे सारे या जमाखर्चात मांडले पाहिजे. पण दुसऱ्या बाजूस काय जमा झाले तेही मांडले पाहिजे. चूक सापडली तर ती दुरुस्त करणारा अभियंता आता बंगळूरला बसतो, शेन्झेनला नव्हे. आणि जे यंत्र येथे तयार झाले, त्याची पुढची पिढी तयार करण्यास पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागत नाही. १९८६ नंतर हीच साखळी तुटली होती.

खानदेशाला याचे महत्त्व विशेष, ते सातपुड्यामुळे. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेले अक्राणी, अक्कलकुवा, या डोंगरपट्ट्यातील पाड्यांकडे खासगी कंपन्या वळत नाहीत. पन्नास घरांच्या पाड्यासाठी मनोरा उभारणे त्यांना परवडत नाही, आणि त्यांच्या हिशेबाने ते खरेही आहे. रुग्णवाहिका बोलावण्यासाठी टेकडी चढून जावे लागते, स्वस्त धान्याच्या दुकानात अंगठा उमटविण्यासाठी जाळे शोधावे लागते. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातील अशा २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. काम बीएसएनएलचे, पैसा सार्वत्रिक सेवा निधीचा आणि तंत्र स्वदेशी. म्हणजे ज्या वनवासी बांधवापर्यंत कोणतेही विदेशी यंत्र पोहोचले नाही, त्याच्या पाड्यावर पहिले येणारे यंत्रच भारतीय असणार. मनोरे उभे राहिल्यावर ते अखंड चालतात की नाही, डिझेल आणि बॅटरी वेळेवर पोहोचते की नाही, याकडे स्थानिक कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवावयास हवे. यंत्र स्वदेशी असले म्हणून बंद मनोऱ्याचा कोणास उपयोग नाही.

मग या निर्मितीत खानदेशाचा वाटा काय? श्रोत्यांपैकी उद्योजकांच्या मनात हा प्रश्न असणारच. उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. जमिनीखालून जाणारी प्रकाशतंतूची केबल एका गुळगुळीत प्लास्टिकच्या नळीतून ओढली जाते. अशा नळ्या जळगावच्या जैन उद्योगसमूहाच्या उत्पादनांत आहेत. जळगाव औद्योगिक वसाहत चटई आणि पाइप यांसाठी देशभर ओळखली जाते, जामनेर तालुक्यातील गाडेगावला सुप्रीमचा पाइपांचा कारखाना आहे. प्लास्टिक वितळवून त्यास हवा तो आकार देण्याची विद्या या मातीत रुजलेली आहे. ती रुजली कशी, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेतला, कच्च्या पपईपासून पपेन बनविले, मग पीव्हीसी पाइप आणि पुढे ठिबक सिंचन. ठिबकचे तंत्र परदेशातून आले, पण ते केळीच्या बागेस अनुरूप झाले जळगावात. शासनाच्या अनुदानाने शेतकऱ्याला ते घेता आले, शेतकऱ्याच्या मागणीने कारखाना वाढला. दूरसंचारात देशाला नेमके हेच करावयाचे आहे.

शेजारी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज काचेपासून केसाइतका बारीक प्रकाशतंतू बनविते. लोकमान्यांच्या काळात गोळा केलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला होता, तेव्हा प्रश्न दिव्याच्या चिमणीचा होता. आज महाराष्ट्रातील काच समुद्रापार संदेश वाहून नेते. गंमत अशी की, आपल्या दारी स्वस्त माल ओतणाऱ्या चीनने २०१४ मध्ये भारतीय प्रकाशतंतूवर स्वस्त विक्रीविरोधी शुल्क लावले. भारताने त्याच प्रकारच्या तंतूवर, चीनसह काही देशांच्या विरोधात, तसे शुल्क लावले ते २०२३ मध्ये. शहाणपण यावयास नऊ वर्षे लागली!

परंतु येथे एक अडचण आहे आणि ती शासनाच्या कानांवर घातली पाहिजे. प्रोत्साहन योजनेच्या यादीत रेडिओ यंत्रे, राउटर, स्विच, ग्राहकाच्या घरी बसणारी उपकरणे आहेत. नळ्या, खोकी, कंस, जोडण्या यांस तेथे स्थान नाही. आणि दहा कोटींची किमान गुंतवणूक जळगाव-धुळ्यातील किती लघुउद्योजकांच्या आवाक्यात आहे? ज्याच्याकडे दोन मोल्डिंग यंत्रे आणि पंधरा कामगार आहेत, त्याने या योजनेचे नाव वृत्तपत्रात वाचावे आणि घडी घालून ठेवावे, एवढेच त्याच्या हाती राहते. घरगुती आंतरजालाच्या पेटीचे प्लास्टिकचे कवच, मनोऱ्यावरील यंत्रास ऊनपावसापासून जपणारे आवरण, वीजपुरवठ्याचे छोटे संच, ही कामे धुळ्याच्या वसाहतीत होऊ शकतात. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना आणली आहे. तिच्यातील अटी समजावून सांगून दोन-तीन लहान कारखान्यांना एकत्र अर्ज करता येईल काय, हे पाहण्याचे काम औद्योगिक संघटनांनी आणि सनदी लेखापालांनी अंगावर घ्यावे.

धुळे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या संगमावर आहे. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गास सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तो धुळ्यावरूनच जाणार. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात नरडाण्याचे नाव आहे. जळगाव, फैजपूर, शिरपूर, धुळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर बाहेर पडतात आणि त्याच आठवड्यात पुण्याची गाडी पकडतात. सार्वत्रिक सेवा निधीच्या वार्षिक जमेतील पाच टक्के रक्कम संशोधनासाठी राखण्याचे २०२२ मध्ये ठरले आहे, त्यातून शैक्षणिक संस्था आणि नवउद्योगांना साह्य मिळू शकते. सातपुड्याच्या दरीत सौरविजेवर चालणारा, कमी खर्चाचा छोटा मनोरा कसा असावा, हा प्रश्न बंगळूरच्या प्रयोगशाळेपेक्षा शिरपूरच्या विद्यार्थ्याला अधिक चांगला कळेल. त्याने दरी पाहिलेली आहे.